सरहद्दीवरचा काल्पनिक कसबा: नकाशा तपासून पाहिजे

कागदी_किल्लेदार

नमस्कार मंडळी. टेबलावर खेळायच्या एका लढाईच्या खेळासाठी गावाचा नकाशा आखतोय. काळ साधारण १६५०. गाव काल्पनिक, पण मुलूख भीमा-सीनेच्या मधला, आजच्या दक्षिण सोलापूर-मंगळवेढ्यासारखा. दक्षिणेला नदी, नदीपल्याड दुसऱ्याचं राज्य. गावाचं नाव सध्या कसबे हिंगणूर.

मसुदा असा: वस्ती २,५००. शिबंदी (किल्ल्याची फौज) ३००, त्यात १०० घोडेस्वार. कागदावरचा एक चौकोन म्हणजे १० मीटर. गाव १,००० बाय ८०० मीटर, चौफेर दगडी तट, दक्षिणेचा तट थेट नदीला भिडलेला. मधोमध किल्ला, त्याच्याभोवती चौक, चौकात बाजार. रस्ते काटकोनात, सगळे ६ मीटर रुंद. शेतं नकाशाबाहेर.

बघणाऱ्याला हे खोटं वाटतंय, पण नेमकं काय खोटं ते सापडत नाही. फोडून काढा.

सीनाकाठ

आधी नदी घेऊ, बाकीच्या बऱ्याच चुका तिथूनच निघाल्यात.

भीमेला पूर आपल्या पावसानं येत नाही. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, तोही रडतखडत. नदीचं पाणी सह्याद्रीकडून, पुण्याच्या वरच्या अंगानं येतं. इथं आभाळ कोरडं, शेतकरी वर बघतोय आणि नदी दुथडी, हे जुलै-ऑगस्टातलं नेहमीचं चित्र. खेळात पुराचा पत्ता ठेवणार असाल तर तो स्थानिक पावसाला बांधू नका. काठाची माती गाळाची किंवा काळी. काळी भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर तट उभा केला तर दोन-तीन पावसाळ्यांत पाया हलतो आणि बुरूज तटापासून सुटतो.

जुन्या बोलीत शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. गावाची जागा कशी निवडायची ते त्या दोन शब्दांत आलंय. नदीपासून एक-दीड किलोमीटर मागं, पुराच्या रेषेपेक्षा दहा-बारा मीटर उंच असा मुरमाचा उंचवटा काढा. चारी अंगानं काळी, मध्ये मुरूम. त्यावर पाया टिकतो, पेव (धान्याचा जमिनीखालचा खड्डा) खणता येतं, आणि पिकाची जमीन घरांखाली वाया जात नाही.

मग गाव नदीच्या आसपास का? तर उतारासाठी. उतार म्हणजे जिथं नदी गाड्यांनी ओलांडता येते ती जागा. वाळूचा तळ असेल तर चाकं रुततात, म्हणून उतार नेहमी खडकाच्या पाटावर दाखवा. गाडीचा आस जमिनीपासून ६०-७० सेंटिमीटरवर असतो, त्यापेक्षा जास्त पाण्यात माल भिजतो. घोडा मीटरभर पाण्यातून जातो. म्हणजे कार्तिकाच्या सुमाराला आधी घोडदळाला वाट खुली होते आणि गाड्या, तोफा त्यानंतर काही आठवड्यांनी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला नदी अडवते ती अशी. खेळात हे दोन टप्पे वेगळे ठेवा, मजा येईल. काठ आठ-दहा मीटर उंच असतो, त्यात गाडीसाठी तिरकी घळ खणलेली असते. ती घळ हीच खरी लढाईची जागा. चौकी तिच्या डोक्यावर, गाव मागं माळावर.

माळवद

सीनाकाठ यांनी जागा दिली. आता आकार.

१,००० बाय ८०० म्हणजे ८० हेक्टर. २,५०० माणसांना एवढी जागा? घरं शोधत फिरावं लागेल. हिशोब असा: घरटी पाच माणसं धरली तर ५०० घरं. लहान-मोठी मिळून सरासरी १०० चौरस मीटर, अंगण-गोठ्यासकट. झाले ५ हेक्टर. वाटा, देवळं, मशीद, पार, आड, कचेरी यांचे आणखी ३. एकूण ८ हेक्टर, तुमच्या आकड्याच्या बरोबर एक दशांश. गोल धरलं तर त्रिज्या १६० मीटर आणि घेर एक किलोमीटर. वेशीत मारलेली हाक पलीकडच्या वेशीत जवळजवळ ऐकू जाते. सरहद्दीचं गाव असंच दाटीचं पाहिजे, कारण तटाचं प्रत्येक मीटर राखायला माणूस लागतो.

६ मीटरचे रस्ते खोडा. बैलगाडीच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर, आसाची टोकं धरून पावणेदोन ते दोन. वेशीपासून बाजारापर्यंतचा एकच रस्ता साडेचार मीटर ठेवा, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या कशाबशा सरकतील. बाकी गल्ल्या अडीच मीटर. बोळ सव्वा-दीड मीटर: डोक्यावर भारा घेतलेली बाई जाईल, गाडी जाणार नाही. गाडी आत शिरली तर वळवता येत नाही, बैल सोडून मागं ढकलावी लागते. शत्रूचंही तेच होतं.

काटकोन का नकोत? गल्ली घरांमुळं पडते. आधी वाडा, मग भाऊ वेगळे झाले, मधे भिंत, मग मागच्याला वाट. म्हणून गल्ल्या वाकड्या, आणि कितीतरी एका घरापाशी संपणाऱ्या. पेठ, म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती, मात्र ठरवून वसवतात, ती सरळ आखली तर चालेल. एकाच नकाशात वाकडा कसबा आणि त्याला चिकटलेली सरळ पेठ दिसली की गाव लगेच जुनं वाटायला लागतं.

घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. उतरती कौलं दाखवू नका, आपल्याकडं तेवढा पाऊस नाही. तुळया, त्यावर आडव्या किलच्या (बारक्या फळ्या), वर पाला आणि फूटभर खारी पांढरी माती. ती चोपून बसवली की गवत उगवत नाही आणि पाणी पन्हाळातून निघून जातं. वजन मात्र भयंकर: चौरस मीटरला ४००-४५० किलो. पाच बाय दहा फुटांच्या एका खणावर दोन टन. म्हणून खण लहान, खांब जवळजवळ आणि घर खणाच्या हिशोबानंच वाढतं. मोठे दिवाणखाने काढू नका, तसं लाकूड माळावर नाही. सागवान बाहेरून येतं, गावात बाभूळ आणि कडुलिंब.

खेळासाठी फायदा: माळवदं एकमेकांना चिकटलेली असतात. गल्लीत न उतरता अर्धं गाव छतांवरून पार करता येतं. आणि माळवद सहसा पेटत नाही, पेटतो तो कडबा.

पेवकरी

कडब्याचं नाव निघालं म्हणून. नकाशात शेतं नाहीत, खळी नाहीत, गंजी नाहीत. मग गाव खातं काय?

माणशी वर्षाला २ क्विंटल ज्वारी धरा. २,५०० माणसांना ५,००० क्विंटल. कोरडवाहू रब्बी, एकरी अडीच क्विंटल हा बेताचा उतारा. म्हणजे २,००० एकर नुसते तोंडाला. त्यात बी, सारा, कडधान्य, करडई, पडीक, बुडालेलं साल हे घातलं की ४,००० एकर. एवढी जमीन गोलात बसवली तर त्रिज्या सव्वादोन किलोमीटर, म्हणजे नदीच्याही पलीकडं जाते. पल्याडची काळी कुणाची, हा तुमच्या खेळातला पहिला तंटा तिथंच मिळतो. बैल घेऊन रोज तीन किलोमीटरच्या पलीकडं कोणी जात नाही, त्यापुढं वाड्या पडतात. नकाशाच्या कडेला दोन-तीन वाड्या टाका, त्यातली एक बेचिराग. वस्ती उठून गेली तरी पांढरीचं टेकाड उरतं. माळवदाच्या तुळया दिसणार नाहीत, कारण गाव सोडणारा माणूस आधी लाकूड उतरवून नेतो.

धान्य कोठारात कमी, पेवात जास्त. पेव म्हणजे मुरमात खणलेली बुधल्याच्या आकाराची खोल खड्डी. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट अडीच मीटर व्यासाचं, खोली साडेतीन. तळाला आणि कडेला कडबा, तूस. वर झाकण, त्यावर माती, शेणाचा सारवा. अशा एका पेवात १२०-१२५ क्विंटल मावते. गावाचं सगळं धान्य पेवांत घालायचं तर चाळीस पेवं लागतील. काही घराघरातल्या कणग्यांत असतं, म्हणून पंचवीस-तीस दाखवा. काळ्या मातीत पेव टिकत नाही, ओल धरतं आणि ज्वारी काळी पडते.

सरहद्दीवर पेवाचा मोठा गुण म्हणजे ते दिसत नाही. वाडा लुटता येतो, अंगणाखालचं पेव शोधावं लागतं. घोड्याच्या टापेखाली जमीन पोकळ वाजते, तीच काय ती खूण. दुसरी बाजूही खेळात घ्या: बंद पेवात हवा विषारी होते. उघडल्याउघडल्या उतरणारा माणूस तळाशीच बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दिवा सोडायचा. दिवा विझला तर उतरायचं नाही. लुटारूंना घाई असते, त्यांना हे सुचत नाही.

आता गंजी. १०० घोडी, प्रत्येकी दिवसाला १० किलो वैरण, सहा महिने. झाले १८० टन. रचलेला कडबा घनमीटरला ९०-१०० किलो भरतो, म्हणजे १,८०० ते २,००० घनमीटर. १० बाय ५ बाय ४ मीटरच्या दहा गंजी. हा फक्त पागेचा कडबा, गावाची जनावरं वेगळी. दोन गंजींत पंधरा मीटर मोकळे ठेवले तरच एक पेटली तर दुसरी वाचते. एवढी जागा तटाच्या आत नाही. म्हणून गंजी बाहेर, आणि शत्रू रात्री येऊन पहिलं काम करणार ते गंजी पेटवायचं.

मंगळवेढ्याची ज्वारी आणि दामाजीपंतांची कोठारं यामुळं आपल्याकडं धान्याच्या साठ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण नकाशे काढताना नेमका तोच विसरतात बघा.

कागदी_किल्लेदार

हे सगळं घेतलं. तट घटून एक किलोमीटरवर आला. पण मग तो दगडी का नको? खडक तर जागोजागी आहे.

माळवद

किल्ल्याला दगडी, गावाला नको. गावकुसाला, म्हणजे गावाच्या तटाला, खाली मीटर-सव्वा मीटर दगडाचं जोतं, वर पांढरीच्या मातीचे थर. गढ्या बघा, पडक्या झाल्या तरी मातीच्या भिंती उभ्या असतात.

मोजू या. पायथ्याला अडीच मीटर, माथ्याला सव्वा, उंची पाच, लांबी हजार. सव्वानऊ हजार घनमीटर. खणणं, तुडवणं, वाहणं, थर देणं धरून एका माणसाचं दिवसाचं काम पाऊण घनमीटर. साडेबारा हजार माणूस-दिवस. दीडशे माणसं असली तर तीन महिने.

आता खरी गोम. चिखल करायला घनमीटरला सुमारे ३०० लिटर पाणी लागतं. म्हणजे तटाला २८ लाख लिटर. मे महिन्यात एवढं पाणी आणणार कुठून? मजूर मोकळे असतात उन्हाळ्यात आणि पाणी असतं हिवाळ्यात. रब्बीची पेरणी हस्ताच्या आसपास संपते, काढणी माघ-फाल्गुनात. मधले महिने हीच तट बांधायची वेळ. आणि नदीचा उतार गाड्यांना उघडतो तोही नेमका त्याच वेळी. तट घालताना गाव सगळ्यात उघडं असतं.

थर हात-दीड हातापेक्षा जाड नको. आधीचा वाळल्याशिवाय दुसरा चढवला की भिंत पोटातून फुगते आणि ढासळते.

आडवाट

माझं मत निराळं. अख्खं गावकूस बांधायची गरजच काय? कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडल्या, बाहेरच्या अंगाला दार-खिडकी ठेवली नाही, की कूस आपोआप तयार होतं. मधल्या फटी तेवढ्या बुजवायच्या. पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे आत, कडेला बाकीची घरं. खर्च चौथा हिस्सा.

सीनाकाठ

छोट्या गावाला चालेल. पण इथं शिबंदी आहे, जकात आहे, वर कुणीतरी सुभेदार बसलाय ज्याला कागदावर 'तट बांधला' असं लिहून पाठवायचंय. आणि पाठभिंतीच्या कुसाला एक वाईट खोड असते: चार-सहा वर्षांत कुणीतरी मागं हळूच दिंडी (छोटं दार) पाडतो. शेताकडं जायला जवळ म्हणून.

आडवाट

तीच तर मजा की ओ! नकाशात दोन चोरदिंड्या टाका. एक पाटलाला माहीत असलेली, एक कुणालाच माहीत नसलेली.

कागदी_किल्लेदार

दोन्ही घेतो. उत्तर आणि पूर्वेला पाठभिंतींचं जुनं कूस, दक्षिण-पश्चिमेला नंतर बांधलेला मातीचा तट. पाण्याचं आणि किल्ल्याचं सांगा.

सीनाकाठ

पाणी: माणशी २० लिटर, झाले ५० हजार. गुरं ७००, प्रत्येकी ४० लिटर, २८ हजार. घोडी १००, साडेतीन हजार. रोजचे ८२ हजार लिटर. यातलं गुरांचं पाणी गावाबाहेरच्या तळ्यावर, माणसांचं आडांवर. ३० घरांना एक आड धरला तर सोळा-सतरा आड. इथल्या बेसॉल्टच्या भेगांत आणि मुरमात आठ-पंधरा मीटरवर पाणी लागतं, पण सगळीकडं सारखं नाही. दोन आड कोरडे दाखवा, दोन मचूळ. गोड्या पाण्याचा आड ज्या गल्लीत, त्या गल्लीत पैसेवाले.

तळं गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याला बांध घालून. सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या काळापासूनचं, बाराव्या शतकातलं तळं किल्ल्याला लागूनच आहे: गावाचं पाणी, देवस्थान आणि किल्ल्याची एक बाजू राखणं, तिन्ही कामं एकानं. नळदुर्गला तर बोरी नदीवर १६१३ मध्ये बांधलेला बंधारा किल्ल्याचे दोन भाग जोडतो आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. तुमच्या कसब्याला एवढा थाट परवडणार नाही, पण तळ्याचा बांध हाच उत्तरेचा तट, ही कल्पना उचलायला हरकत नाही. सांडवा (जादा पाणी जायची वाट) मात्र दाखवाच. सांडवा नसलेला मातीचा बांध एका जोरदार वळवानं फुटतो.

बाष्पीभवन विसरू नका. उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसतं उडतं. माघ ते ज्येष्ठ मीटरभर गेलं. तीन मीटर खोल तळं वैशाखात दीडवर येतं आणि उरलेलं गुरं घाण करतात.

किल्ला कडेला, गावाच्या मध्ये कधीच नको. किल्लेदाराला शत्रूइतकीच गावाचीही भीती असते. त्याला गाव बंद असतानाही बाहेरून माणूस, रसद आत घ्यायची वाट पाहिजे. म्हणून एक दरवाजा गावाकडं, एक दिंडी थेट रानात. किल्ला आणि गावाची घरं यांच्यात १०० मीटर मोकळं मैदान, बंदुकीच्या टप्प्याएवढं. ते रिकामं राखणं हाच रोजचा वाद, कारण पहिले भाजीवाले तिथंच बसतात. खंदक खडकात खणा, निघालेला दगड तटाला. दारूकोठार वाऱ्याकडेच्या लांबच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरापासून आणि लोहारापासून दूर. वेढ्याचं पाणी: ३०० माणसं, १० लिटर, ९० दिवस. २७० घनमीटर. १० बाय ९ बाय ३ चं टाकं, आणि वर सांगितलेल्या कारणानं ते झाकलेलं.

जकातदार

बाजार चौकात ठेवलाय तो उचला. आठवडी बाजारात ३०० बसणारे धरले तर मधल्या वाटांसकट तीन हजार चौरस मीटर लागतात. ते पेठेच्या तोंडाशी, वेशीच्या आतल्या अंगाला. गुरांचा बाजार कायम बाहेर. आठवड्याचा वार आसपासच्या गावांच्या बाजाराशी टक्कर न देणारा निवडा, तेच व्यापारी आज इथं, उद्या तिथं.

वेस: तीन मीटर रुंद, साडेतीन उंच, आत शिरल्यावर लगेच काटकोनात वळण. वळणावर गाडी अडकू नये म्हणून आतली मोकळी जागा निदान आठ बाय आठ मीटर. ही जागा नकाशांत नेहमी अपुरी असते. जकातीचा ओटा त्या वळणात. जकात दोनदा: उतारावर नदीची, वेशीत पेठेची. दोन वेगळे मालक, दोन वेगळे हिशोब, म्हणून चोरट्या वाटाही दोन. निजामाच्या राज्यात करोडगिरीची (जकातीची) नाकी विसाव्या शतकापर्यंत होती. १९४७ पर्यंत नळदुर्ग निजामाकडं, सोलापूर इंग्रजांकडं, अक्कलकोट संस्थानात. दिवसा-दोन दिवसांच्या गाडीवाटेत तीन राज्यं. सरहद्द म्हणजे भिंत नसते, ओळीनं नाकी असतात.

पेठ कौलानं, म्हणजे सवलतीच्या करारानं वसते. शेटे-महाजनांना पहिली काही वर्षं माफी, मग चढता इस्तावा (वर्षागणिक वाढणारा सारा). म्हणून पेठेत अर्ध्या जागा बांधलेल्या, अर्ध्या नुसत्या आखलेल्या दाखवा. लढाईच्या अफवेनं सगळ्यात आधी रिकामी होते ती पेठ. कसबा हलत नाही, त्याची जमीन तिथं आहे.

लमाणांचा तांडा आला तर हजार बैल येतात. बैलामागं सहा चौरस मीटर धरले तरी सहा हजार चौरस मीटर, आणि रात्रीत ४० हजार लिटर पाणी, म्हणजे गावाच्या रोजच्या पाण्याच्या निम्मं. त्याला तळ्याकाठी जागा दिलीत की दुसऱ्या दिवशी गावात भांडण. तळ ओढ्याच्या खालच्या अंगाला, सांडव्याच्या पुढं.

ओणीतला

उद्योगधंद्यांची जागा कुणी सांगितली नाही. चामडं कमावणं, रंगारी: पाणी जिकडं वाहून जातं तिकडं, म्हणजे तुमच्या नकाशात पूर्व-आग्नेयेला. कुंभारवाडा: वाऱ्याप्रमाणं, पूर्वेला टाका.

आडवाट

पूर्वेला नको. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा, पण तेव्हा भट्टी लावतंय कोण? भट्ट्या दसऱ्यानंतर. त्या वेळी वारा पूर्व-ईशान्येचा, धूर सगळा गावात. चैत्र-वैशाखात परत पश्चिमेचा. म्हणून ना पूर्व, ना पश्चिम. उत्तरेला, आणि गंजींपासून लांब.

ओणीतला

बरोबर, मान्य. सोलापुरात कुंभार वेस आहे, वेशीलाच नाव पडतं एवढी ती वस्ती कडेची असते. तळ्याच्या गाळाची मातीही उत्तरेला जवळच मिळेल.

वस्ती: विणकर उजेड आणि लांबट जागा बघून राहतात. ताणा पसरायला वीस-पंचवीस मीटर सरळ गल्ली लागते, म्हणून साळी-कोष्ट्यांची आळी पेठेच्या सरळ भागात, वाकड्या कसब्यात नाही. शिपायांच्या मोहल्ल्यात मशीद, जंगम मठ बाजाराजवळ. गावकुसाबाहेरचा महारवाडा नकाशातून गाळू नका, आणि नुसती चार झोपड्यांची खूण करूनही सोडू नका. शिवेची खडान्‌खडा माहिती त्यांना, शिवेच्या तंट्यात साक्ष त्यांची, वेशीवरचा पहारा त्यांच्याकडं. हल्ल्याचा पहिला तडाखाही तिथंच. ज्यांच्यावर गावाची राखण, त्यांनाच तटाची आड नाही, हे खेळात बोचलं पाहिजे.

नावं: सरहद्दीच्या गावाला एक नाव पुरत नाही. हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे आणि गावाच्या नावातलं 'कूडल' कन्नड, म्हणजे संगम. हिंगणूर छान, 'ऊर' कन्नडच. दरबारी कागदात त्याला वेगळं फारसी नाव द्या, जे गावात कुणी वापरत नाही. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ माचणूरजवळ ब्रह्मपुरीला होती, ब्रह्मपुरीचं नाव इस्लामपुरी केलं होतं. आज लोक ब्रह्मपुरीच म्हणतात. गल्ल्यांत सरमिसळ करा: एक आळी, एक ओणी (कन्नड गल्ली), एक मोहल्ला, एक पेठ. शेजारच्या दोन वाड्यांना खुर्द आणि बुद्रुक. वेशींना जिकडं वाट जाते त्या गावाचं नाव, सोलापुरात तुळजापूर वेस, विजापूर वेस आहेत तसं.

कागदी_किल्लेदार

दुसरा मसुदा तयार. गाव ८ हेक्टर, नदीपासून १,३०० मीटर, मुरमाच्या माळावर. उत्तरेला तळं, बांधावरून कूस, सांडवा ईशान्येला. किल्ला नैऋत्य कोपऱ्यात, रानात दिंडी, मधे मैदान. पेठ पश्चिमेला, अर्धी रिकामी. कुंभारवाडा उत्तरेला बांधाच्या पश्चिम टोकाशी. चामडी-रंगारी आग्नेयेला ओढ्याच्या खाली, तांड्याचा तळ ईशान्येला सांडव्याच्या पुढं. गंजी वायव्येला. पेवं २८, त्यातली सहा किल्ल्याच्या मैदानाखाली. आड सतरा, दोन कोरडे. चोरदिंड्या दोन. स्मशान नदीवर, उताराच्या पश्चिमेला २०० मीटर.

काही राहिलं?

पेवकरी

मैदानाखालची पेवं बाहेर काढा. घोडी रोज तिथंच फिरवणार, झाकणं खचतील. वाड्यांच्या अंगणात न्या. गंजी आणि कुंभारवाडा दोन्ही वायव्येच्या अंगाला आलेत, भट्टीची ठिणगी आणि कडबा यांच्यात निदान २०० मीटर ठेवा.

जकातदार

तांड्याचा तळ आणि चामड्याचे हौद एकाच ओढ्यावर. तळ वर, हौद खाली, ते ठीक. पण हजार बैल सकाळी पाण्यावर उतरले की खालचा ओढा दोन तास नुसता चिखल. हौदांना एक बाजूची चारी द्या.

सीनाकाठ

नदी पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते ना तुमची? मग स्मशान उताराच्या वर आलं. खालच्या अंगाला, पूर्वेला न्या. लिंगायतांची रुद्रभूमी (दफनभूमी) आणि कबरस्तान नदीवर नको, माळावर वेगवेगळं, कारण काळ्या मातीत खड्डा पावसाळ्यात धरत नाही. आणि उतारावरच्या चौकीला पाण्याचा रांजण काढा. नदी पायाशी असली तरी दहा मीटरची घळ रात्री घागर घेऊन कुणी उतरत नाही.

कागदी_किल्लेदार

स्मशान हलवलं, रांजण दोन काढले. हौदांच्या चारीला ढाळ किती धरू?

जकातदार

शंभर मीटरला वीतभर. जास्त दिलात तर चारीच ओढा होईल.